पॅरा विंग, फिती आणि आठचा आकडा: गावच्या संग्रहासाठी केलेल्या नोंदी

९ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली आणि घराघरांतून पत्र्याच्या ट्रंका ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत यायला लागल्या. सातारा जिल्ह्याचा आमचा हा पट्टा फौजेतल्या माणसांचा. अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलेलं महाराष्ट्राला ठाऊक आहे, पण आसपासच्या गावांतही दर दोन घरांआड एक तरी खाकी कोट माळ्यावर असतोच. गावाने ठरवलंय की हे सगळं एका खोलीत नीट मांडायचं आणि २६ जानेवारीला खोली उघडायची. माझ्याकडे काम आलंय ते प्रत्येक गणवेशावरचे बिल्ले आणि पदकांच्या फिती ओळखून पाट्या लिहायचं. सोबतीला सुभेदार काका आहेत. मराठा लाईट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले.

पहिला नियम सगळ्यांना सांगून टाकला: काही धुवायचं नाही, काही घासायचं नाही. एका घरातून पितळी कॅप बॅज आला तो चिंचेच्या कोळाने इतका घासलेला की अक्षरांच्या कडाच उरलेल्या नाहीत. आजींनी मोठ्या प्रेमाने केलंय, बोलणार काय. डांबरगोळ्या वेचून बाहेर टाकल्या, कसर लागलेले दोन स्वेटर वेगळे ठेवले. टाचण्या वापरत नाही, गंजाचे डाग पडतात. नंबरची चिठ्ठी दोऱ्याने काजात बांधते.

वहीचं डावं पान फक्त दिसतं त्याचं: उजवी बाही, डावी बाही, उजवा खिसा, डावा खिसा, कॉलर, बटणं, आतलं शिंप्याचं लेबल. अर्थ उजव्या पानावर, तोही नंतर. घरची मंडळी कोट हातात देतानाच गोष्ट सांगायला लागतात, आणि एकदा गोष्ट ऐकली की डोळ्यांना तेच दिसायला लागतं. म्हणून गोष्टी तिसऱ्या वहीत.

१४ नोव्हेंबर

बटणांपासून सुरुवात केली, कारण बिल्ल्यापेक्षा बटण कमी फसवतं. २६ जानेवारी १९५० ला देश प्रजासत्ताक झाला आणि फौजेच्या बटणांवरचा, बिल्ल्यांवरचा ब्रिटिश मुकुट जाऊन अशोकस्तंभाचे सिंह आले. अधिकाऱ्यांच्या खांद्यावरही तेच झालं. मेजरचा मुकुट गेला, तिथे सिंह बसले. लेफ्टनंट-कॅप्टनच्या खांद्यावरचे जुने 'ऑर्डर ऑफ द बाथ'च्या घडणीचे तारे जाऊन साधे पाच टोकांचे तारे आले. तेव्हा मुकुट म्हणजे आधीचं, सिंह म्हणजे नंतरचं, इतका सोपा हिशोब.

सोपा, पण कोट नंबर ५ वर बसत नाही. दर्शनी सगळी बटणं सिंहाची. खिशाच्या झाकणाखालचं एक मात्र मुकुटाचं. भिंगाखाली पाहिलं तर मुकुटाच्या बटणाचा दोरा कोटाच्या शिवणीचाच, जाड खाकी सुती, त्याच रंगाला विटलेला. सिंहांच्या बटणांचा दोरा पातळ आणि गाठी वेगळ्या हाताच्या. कोट १९५० च्या आधी शिवलेला, मग बटणं बदलून पुढे वापरात ठेवलेला. झाकणाखालचं कुणाला दिसणार, म्हणून तेवढं बदलायचं राहिलं असावं.

या नियमाची एक मर्यादा आजच टिपून ठेवते, कारण पुढे उपयोगी पडेल. फौजेच्या पॅरा विंगवर, म्हणजे विमानातून छत्रीने उडी मारणाऱ्या जवानाच्या बिल्ल्यावर, मुकुट कधी नव्हताच. ब्रिटिशांनी १९४० च्या अखेरीस जी कापडी विंग काढली, तिच्यात उघडलेली पांढरी छत्री आणि दोन्ही बाजूंना फिकट निळे पंख, बस्स. आपल्याकडेही तोच नमुना चालू राहिला. १९५० साली बदलायला तिच्यावर काही नव्हतंच. त्यामुळे नुसत्या विंगवरून साल सांगणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. दोरा, कापड, जागा आणि शेजारच्या फिती बघाव्या लागतात.

१९ नोव्हेंबर

कोट नंबर ३. डाव्या खिशावर चार फितींची एक पट्टी.

पहिली फीत गडद निळी, लाल, फिकट निळी, तिन्ही पट्टे सारखे: दुसऱ्या महायुद्धाचं पदक, १९३९–४५ स्टार. दुसरी वाळूच्या रंगाची, मध्ये रुंद लाल, एका बाजूला बारीक गडद निळी रेघ, दुसऱ्या बाजूला बारीक फिकट निळी: आफ्रिका स्टार. वाळू वाळवंटाची, लाल भूदलाचा, गडद निळा आरमाराचा, फिकट निळा हवाई दलाचा. तिसरी लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल: इटली स्टार. चौथी वॉर मेडलची, आणि तिच्यावर ब्राँझचं एक छोटंसं ओकचं पान.

आफ्रिका स्टारच्या मधोमध पांढऱ्या धातूचा इंग्रजी आठचा आकडा शिवलाय. नखाच्या अर्ध्याएवढा. घरचे म्हणाले, आजोबांची आठ वर्षं नोकरी झाली म्हणून आठ. शेजारच्यांचं मत, आठ नंबरची कंपनी. काका हसले आणि म्हणाले, "मोंटगोमरीचा आठ हाय तो."

म्हणजे एट्थ आर्मी, मोंटगोमरीच्या हाताखालची ब्रिटिशांची आठवी सेना. २३ ऑक्टोबर १९४२, ज्या रात्री इजिप्तमध्ये एल अलामेनची मोठी लढाई सुरू झाली, त्या दिवसापासून १२ मे १९४३ पर्यंत जो आठव्या सेनेत होता, त्याला मेडलच्या फितीवर तसं क्लास्प, म्हणजे नाव कोरलेली धातूची पट्टी. मेडल न लावता नुसती फीत लावायची असेल तर क्लास्पऐवजी हा आकडा. पश्चिमेकडून ट्युनिशियात घुसलेल्या पहिल्या सेनेसाठी 'एक', आणि आरमार व हवाई दलासाठी चांदीचं छोटं गुलाबपुष्प. एका माणसाला यांतलं एकच लावता येतं. ज्याची आफ्रिकेतली नोकरी ऑक्टोबर १९४२ आधीच संपली, त्याला स्टार मिळाला, आकडा नाही. इरिट्रियात केरनच्या डोंगरावर १९४१ साली लढलेल्यांच्या फितीवर, पुढच्या काळात ते पुन्हा आठव्या सेनेत नसतील तर, आठ दिसणार नाही. केरन काही कमी नव्हतं, पण नियम तारखेचा.

आठ पलटण सांगत नाही, हे मात्र घरच्यांना नीट सांगितलं. पायदळ, खडकीचे सॅपर्स (फौजेचे इंजिनिअर), रसद पोचवणारे ड्रायव्हर, कुणीही असू शकतो.

ओकचं पान म्हणजे 'मेन्शन इन डिस्पॅचेस', सेनापतीच्या अहवालात कामगिरीचा नावानिशी उल्लेख. कितीही वेळा उल्लेख झाला तरी पान एकच. या पानाला घरात कुणी किंमत दिली नव्हती, 'ते बारकं पान' म्हणून ते गळून पडायच्या बेतात होतं. खरं तर पट्टीवर सगळ्यात बोलकं तेच आहे. तारे आघाडीवरच्या सगळ्यांना मिळाले, पान त्या एका माणसाच्या नावावर आलं. असे उल्लेख लंडन गॅझेटमध्ये छापले जात आणि ते जुने अंक आता इंटरनेटवर शोधता येतात. नाव आणि फौजी नंबर धाकट्या भाच्याकडे दिलाय.

फितींची दिशाही पाहिली. १९३९–४५ आणि आफ्रिका स्टार या दोन्हींत गडद निळा पट्टा घालणाऱ्याच्या डाव्या खांद्यापासून लांबच्या बाजूला यायला हवा. इथे बरोबर आहे. इटलीची फीत दोन्हीकडून सारखी, तिला दिशा नाही. कुणी नंतर फिती गोळा करून कोटाला लावल्या असतील तर चूक नेमकी या पहिल्या दोनांत सापडते. ही पट्टी मूळची वाटते: टाके खालच्या कापडासकट विटलेत आणि पट्टीच्या कडेने धुळीची बारीक रेघ बसलीये.

काकांना विचारलं, आपल्याकडे फितीवर असं काही लावतात का? त्यांनी लगेच जनरल अरुणकुमार वैद्यांचं नाव घेतलं. महावीर चक्र दोनदा, १९६५ आणि १९७१ मध्ये. दुसऱ्यांदा मिळालं की मेडलच्या फितीवर बार आणि नुसत्या फितीवर चक्राची बारीक प्रतिकृती. अर्धी पांढरी, अर्धी केशरी फीत आणि वर ते चक्र, असं आमच्या ट्रंकांत काही निघायचं नाही, पण बघताना काय शोधायचं ते कळलं.

२७ नोव्हेंबर

पुन्हा नंबर ५, तोच मुकुटाच्या एका बटणाचा कोट. घरून सांगितलेलं: "आजोबा छत्रीतले." पण कोटावर विंग नाही.

उजवी बाही खिडकीसमोर आडवी धरली. खांद्याखाली चार बोटांवर कापडाचा एक तुकडा बाकीच्या बाहीपेक्षा गडद आहे. बाकी बाही उन्हाने उडालीये, हा भाग कशाखाली तरी झाकलेला होता. कडेने सुईची भोकं. बटर पेपर ठेवून पेन्सिलीने एकेक भोक टिपत गेले. कागदावर मध्ये घुमट उमटला आणि दोन्ही बाजूंना निमुळती होत गेलेली टोकं. छत्री आणि पंख. भोकांच्या आतल्या बाजूला, अस्तरावर, फिकट निळ्या दोऱ्याचा एक तुकडा अडकलेला सापडला. तो आहे तिथेच ठेवलाय.

उजव्या बाहीवर विंग ही ब्रिटिश पद्धत, आणि आपल्या छत्रीधारी पलटणींनी ती तशीच उचलली होती. आता आपल्याकडे विंग उजव्या खिशाच्या वर असते. या कोटाच्या उजव्या खिशावर भिंग फिरवून पाहिलं. एकही भोक नाही. मग विंग काढली कुणी? बहुधा त्यांनी स्वतःच. जुन्या कोटावरची विंग उसवून नव्यावर लावणं फौजेत रोजचं आहे. काकांनी आपल्या हाताने किती पट्ट्या अशा हलवल्यात त्याला गणतीच नाही.

ट्रंकेत पलटणीचा कागद नाही, पण डाव्या खिशावर एक फीत शिल्लक आहे: लाल, त्यावर बारीक हिरव्या रेघा. १९४७ चं जनरल सर्व्हिस मेडल, बहुधा काश्मीरच्या लढाईचं. मुकुटाच्या काळात शिवलेला कोट, उजव्या बाहीवर विंग, काश्मीरची फीत. तिन्ही एका रेषेत येतात ते बहुधा ५० पॅराशूट ब्रिगेडपाशी. ही ब्रिगेड दिल्लीत १९४१ साली उभी राहिली. काश्मीरमध्ये ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान तिचे प्रमुख होते. मार्च १९४८ मध्ये झांगर परत घेतलं आणि ३ जुलैला तिथेच तोफगोळ्याने ते गेले. महावीर चक्र मरणोत्तर.

त्या ब्रिगेडमध्ये मराठ्यांची तिसरी पलटण होती. तीच, जिच्यातल्या यशवंत घाडग्यांना इटलीत टायबरच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. युद्धानंतर ती छत्रीधारी झाली आणि १५ एप्रिल १९५२ ला पॅराशूट रेजिमेंट स्थापन झाली तेव्हा तिचं नाव झालं २ पॅरा (मराठा). पहिली पंजाबची, दुसरी मराठ्यांची, तिसरी कुमाऊँची. आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून 'तिसरी' आणि 'दोन पॅरा' ही दोन्ही नावं एकाच पलटणीसाठी येतात, आणि ऐकणाऱ्या नातवांना वाटतं आजोबांनी पलटण बदलली.

एक खबरदारी. 'पॅराशूट ब्रिगेडमध्ये होते' आणि 'छत्रीधारी होते' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाकला हीच ब्रिगेड जपान्यांसमोर जमिनीवर उभी राहिली, साध्या पायदळासारखी. तिच्यासोबत ४/५ मराठा (पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी पलटण) होती, ती छत्रीधारी पलटण नव्हती. तेव्हा कुणाच्या घरी 'सांगशाकला ५० पॅरात होते' असं ऐकलं आणि बर्मा स्टारची फीत दिसली, तरी विंग गृहीत धरायची नाही. उलटही तसंच: विंग दिसली म्हणजे माणूस पायदळातलाच असं नाही. डॉक्टर, सिग्नलवाले, सॅपर्स सगळे उड्या मारत. आपल्या देशातले पहिले दोन छत्रीधारी वैद्यकीय खात्यातलेच: लेफ्टनंट रंगराज आणि हवालदार मेजर मथुरा दास, १९४१, कराची.

पाटीचा मसुदा: 'कोट, १९५० पूर्वी शिवलेला, नंतर वापरात. उजव्या बाहीवर पॅरा विंगच्या खुणा.' पलटणीचं नाव कागद मिळेपर्यंत नाही.

४ डिसेंबर

त्याच घरातून आज तंबाखूचा पत्र्याचा डबा आला. आत दोन सुट्ट्या बटणांच्या कड्या, एक नाणं आणि चांदीसारख्या धातूचा एक बिल्ला: मध्ये छत्री, दोन्ही बाजूंना पंख, आणि पंखांची टोकं वर वळून छत्रीच्या घुमटाला टेकलेली. रुंदी दीड इंचाच्या आसपास. मागे पिनेची सुई मोडलेली आणि 'स्टर्लिंग' असा ठसा.

घरच्यांना वाटतं आजोबांना अमेरिकेने दिलेला सन्मान. बिल्ला अमेरिकेचा आहे हे खरं. कॅप्टन यारबरो यांनी १९४१ साली आखलेला पॅराशूटिस्ट बॅज. पंख आत वळून छत्रीला मिळतात ही त्याची खूण, ब्रिटिश आणि भारतीय पंख बाहेर पसरतात. हा साधा, पहिल्या पायरीचा. छत्रीच्या डोक्यावर तारा असता तर वरची पायरी, ताऱ्याभोवती पानांचं कडं असतं तर त्याहून वरची. या दोन पायऱ्या १९४९ च्या सुमाराला आल्या. आणि छत्रीच्या दोऱ्यांवर बारीक तारे असते तर प्रत्येक तारा लढाईतल्या एका उडीचा. दोऱ्या भिंगाखाली पाहिल्या, तारा नाही, सोल्डरचा थेंबही नाही.

आता हा साताऱ्यात आला कसा? आजोबांच्या जुन्या फोटोमागे हाताने लिहिलंय: कोरिया, १९५४. ते जुळतं. युद्धबंदीनंतर कैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३–५४ मध्ये भारताची कस्टोडियन फोर्स तिथे गेली होती, प्रमुख आपले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आणि तिच्यात २ पॅरा होती. त्याआधी ६० पॅरा फील्ड अँब्युलन्स ही आपली वैद्यकीय तुकडी तिथे होतीच. २३ मार्च १९५१ ला मुनसान-नीला अमेरिकेच्या १८७ व्या तुकडीसोबत तिच्या डॉक्टर-जवानांनी उडी घेतली, तेव्हाचे त्यांचे कमांडर तेच रंगराज, आता लेफ्टनंट कर्नल. परदेशी फौजेसोबत राहिलेला जवान बटण, बिल्ला, सिगारेटची डबी यांची अदलाबदल करून येतोच. काकांकडे स्वतःकडे असे कुठले कुठले बिल्ले आहेत.

मी एकच तपासलं: कोट नंबर ५ वर या पिनेची भोकं कुठे आहेत का? दोन्ही खिसे, छाती, कॉलर. नाहीत. गणवेशावर कधी न लागलेला बिल्ला गणवेशावर मांडायचा नाही. वहिनींना वाईट वाटलं. मी म्हटलं, वहिनी, सन्मान सरकार देतं, हा त्यांनी स्वतः जपून आणलाय. त्या काही बोलल्या नाहीत, डबा मात्र परत मागितला नाही.

११ डिसेंबर

आज तारीखच अशी की टांगाईलचा, म्हणजे १९७१ च्या युद्धात आपले जवान बांगलादेशात छत्रीने उतरले त्या जागेचा, विषय निघणार होता. शर्ट नंबर ७, ओ.जी. (ऑलिव्ह ग्रीन), उजव्या खिशाच्या वर पॅरा विंग, डाव्या खिशावर एक तारा. सोबत मुलगा आणि नातू दोघं आले. म्हणणं असं: "अण्णांनी टांगाईलला उडी मारली. तारा त्याचाच." नातवाने मोबाईलवर वाचलंय की पॅराशूटवर तारा म्हणजे लढाईतली उडी.

वाचलंय ते बरोबर, पण अमेरिकेसाठी, आणि तेही छत्रीच्या दोऱ्यांवरच्या ताऱ्याचं. आपल्याकडे डाव्या खिशावरचा तारा उड्यांची संख्या सांगतो: २५ उड्यांना एक, ५० ला दोन, १०० ला तीन. विमानातून रात्री-बेरात्री पंचवीसदा बाहेर पडलेला माणूस आहे हा, तेवढं तारा पक्कं सांगतो. अमेरिकन फौजेत लढाईतल्या उडीची खूण फितीवरही दिसते, मोहिमेच्या फितीवर छोटं बाणाचं टोक लावतात. आपल्या १९७१ च्या फितींवर तसं काही नाही. 'पूर्वी स्टार' हे पदक पूर्व आघाडीच्या मोहिमेसाठी मिळालं. छत्रीने उतरलेला आणि पायी गेलेला, दोघांची फीत एकच.

मग शर्टावरून टांगाईल कळणारच नाही? नाही. एकट्या शर्टावरून नाही.

डिस्चार्ज बुक आणायला सांगितलं होतं, ते आणलं. 'पूर्वी स्टार' नोंदलेला आहे. १९७२ चं स्वातंत्र्याच्या पंचविशीचं मेडलही आहे, म्हणजे १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत होते. पण पलटण २ पॅरा नाही. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, ४११ पॅरा फील्ड कंपनी. मुलगा गप्पच झाला. त्याला वाटलं आता सगळंच खोटं ठरणार.

तसं नाही, हे सांगायला काका पुढे आले. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नूंच्या हाताखाली उतरला तो २ पॅराचा बटालियन गट होता. पुंगली पुलावर कब्जा करायचा म्हणजे पायदळासोबत तोफा हव्यात, पूल सांभाळायला आणि सुरुंग काढायला सॅपर्स हवेत, जखमींसाठी डॉक्टर हवेत. ते सगळे पॅकेट, डकोटा अशा विमानांतून त्याच आभाळातून उतरले. टांगाईलला फक्त दोन पॅरा होती असं सांगणाऱ्यांमुळे गावातल्या इतर छत्रीधाऱ्यांवर अन्याय होतो, असं काकांचं ठाम मत. "माझी पलटण मोठी, त्याची बी मोठी. पण जे हाय ते लिहा."

खडकीच्या अभिलेख कार्यालयाकडे नाव, नंबर, कंपनी देऊन पत्र लिहिलं. मुलाच्या सहीने, कारण वारसाचं पत्र लागतं.

१८ डिसेंबर

एका तरुणाने 'संपूर्ण सेट' दान म्हणून आणला: मरून बेरे, पॅराशूट रेजिमेंटचा बॅज, कमांडो पट्टी, विंग, खाली स्पेशल फोर्सेसची पट्टी. जुन्या बाजारातून घेतलेला, मामाचा म्हणून सांगितलेला. 'कमांडो' पट्टी जाऊन 'स्पेशल फोर्सेस' आली २००६ मध्ये. दोन्ही एकाच वेळी एकाच खांद्यावर कशा? शिवाय काठांना पॉलिस्टरचा दोरा. सुटलेला एक तंतू काडीने पेटवला, तो वितळून काळा मणी झाला. सुताला कागद जळल्याचा वास येतो, लोकरीला केसांचा, दोन्हींचा असा कडक मणी होत नाही.

किराणावाल्याकडून नोटा तपासायचा जांभळा दिवा आणला होता. सेटमधली विंग त्याखाली दुधासारखी उजळली. हा दिवा उपयोगी आहे, पण त्याच्या भरवशावर निकाल देऊ नये: नव्या धुण्याच्या पावडरीत जी चमक असते तीही उजळते. शर्ट नंबर ७ घरात वर्षानुवर्षं धुतलेला, तो तर सबंधच पेटल्यासारखा दिसतो, आणि त्यावरची विंग अस्सल आहे. न धुतलेल्या लोकरी कोटांवरच या दिव्याचं म्हणणं ऐकायचं.

सेट परत केला. तरुण भला आहे, त्याला अंगावर घालून मिरवू नकोस एवढं काकांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. फौजेतला नसताना सैनिकाचा वेश करून तसं भासवणं हा गुन्हा आहे, जुन्या दंड संहितेतही होता.

२ जानेवारी

भाच्याला लंडन गॅझेटमध्ये नंबर ३ चे आजोबा सापडले. नाव इंग्रजीत भलतंच लिहिलंय, नंबर जुळतो. इटलीतल्या कामगिरीसाठी उल्लेख, आणि पलटणीच्या जागी सॅपर्स. आठच्या आकड्यावरचा कंपनीचा वाद मिटला. घरच्यांनी त्या पानाचा छापील कागद फ्रेम करायला नेला आणि ओकचं पान सैल होतं तिथे मी जुन्याच भोकांतून दोन टाके घातले, सुती दोऱ्याने, वहीत नोंद करून.

९ जानेवारी

पाट्या.

नंबर ३: 'सॅपर. आफ्रिका स्टारवरील ८: आठवी सेना, १९४२–४३. वॉर मेडलवरील ओकचे पान: मेन्शन इन डिस्पॅचेस.' घरच्यांना 'शूरवीर' हा शब्द हवा होता. ओकच्या पानात तो आलाच, असं काकांनी पटवलं.

नंबर ५: विंग नाही. उजव्या बाहीवरून मी काढलेला बटर पेपरचा ठसा शेजारी लावणार. कुणी तरी नवी विंग आणून शिवू म्हणालं, नाही म्हटलं.

नंबर ७: खडकीहून उत्तर यायचंय. सध्या पाटीवर दोन भाग. वर: '४११ पॅरा फील्ड कंपनी, बॉम्बे सॅपर्स. विंग, २५ उड्यांचा तारा. पूर्वी स्टार, १९७१.' खाली वेगळ्या अक्षरात: 'घरच्यांनी सांगितलेलं: टांगाईल, ११ डिसेंबर १९७१.' मुलाला खालची ओळ वर हवी होती. उत्तर आलं की वर नेऊ, पाटी पेन्सिलीनेच लिहिलीये.

डबा आणि अमेरिकन बिल्ला कोट ५ च्या खाली, वेगळ्या काचेत, झाकण उघडं. पाटी: 'कोरियाहून आणलेला.' वहिनींनी वाचली आणि म्हणाल्या, तंबाखूचं नावही लिहा की, ते त्यांना लई आवडायचं.